उमेद कशावर टिकते?



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता किंवा संप यांविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी कामाविषयीच बोलणार आहे. पण ज्याला कोणी पगार देत नाही आणि जे केले नाही म्हणून कोणी जाबही विचारीत नाही, अशा कामाविषयी. कोणी कादंबरीची सत्तर पाने लिहून ठेवली आहेत, कोणी वऱ्हाडी म्हणी व शब्द वहीत टिपून ठेवीत आहे, कोणी पेटी शिकत आहे, कोणी आपल्या गावाचा इतिहास जुळवीत आहे. अमरावतीच्या राजापेठेपासून अकोल्याच्या जुन्या शहरापर्यंत अशी माणसे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची तक्रार एकच असते : आरंभी उत्साह दांडगा होता, पुढे तो ओसरला, आता वही फळीवर पडून आहे. या तक्रारीचा विचार आपण उपदेशाच्या रीतीने न करता, कारखान्यातल्या एखाद्या अडचणीचा करतो तसा करू. म्हणजे काम कोठे अडते आणि का अडते, ते आधी पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. स्वतःचा म्हणून जो वेळ आपण आज गृहीत धरतो, तो कोणी खिरापतीसारखा वाटलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मालकांकडून मान्य करून घेतली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांचा ठरला. १९२२ साली आठवड्याचे साठ तास झाले, १९३४ साली बारमाही कारखान्यांत चोपन्न, आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने अठ्ठेचाळीस. दिवसाचे आठ तास कामाला, आठ विश्रांतीला आणि उरलेले आठ आपल्या मर्जीचे, ही मागणी जगभरच्या कामगारांनी पिढ्यान् पिढ्या लावून धरली. त्यातले शेवटचे आठ तास कशासाठी मागितले होते, याचा आपल्याला बहुधा विसर पडतो. माणूस हा यंत्राचा भाग नव्हे, त्याच्या मनात स्वतःचे काही तरी असते, आणि ते बाहेर येण्यास अवकाश हवा, एवढ्यासाठी ते मागितले होते. म्हणून आपली अर्धी राहिलेली वही ही क्षुल्लक बाब नाही.

परंतु हा हक्क सर्वांना सारखा पोचलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. कारखान्यातल्या माणसाची पाळी भोंग्याबरोबर संपते. घरातल्या बाईची पाळी संपतच नाही. तिने गाणे रचावे किंवा चित्र काढावे असे वाटत असेल, तर तिच्या मनाची उमेद वाढवण्याआधी रात्रीची भांडी कोण घासणार, हे ठरवावे लागेल. तोवर उत्साहाचे पाठ तिला देणे म्हणजे थकलेल्या बैलाला पराणी टोचण्यासारखे आहे. ज्या पुरुषांना संध्याकाळी दोन तास मोकळे मिळतात, त्यांनी ते दोन तास कोणाच्या श्रमातून निघाले याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

बरे, वेळ मिळाला म्हणजे काम होतेच काय? याचेही उत्तर नकारार्थी आहे. अकोला, बडनेरा, अचलपूर येथे कापडगिरण्या होत्या. त्यांपैकी ज्या बंद पडल्या त्यांतले अनेक कामगार मी जवळून पाहिले. पाळी करून आल्यावर रात्री भजनाला बसणारे, नव्या चाली बसवणारे लोक त्यांत होते. गिरणी बंद झाल्यावर दिवसच्या दिवस रिकामे मिळाले, आणि नेमके तेव्हाच त्यांचे भजन थांबले. पोटाची काळजी हे त्याचे पहिले कारण होय, आणि ते डावलून पुढे जाणे अन्यायाचे होईल. पण दुसरेही कारण होते. पाळीबरोबर दिवसाचा आकार गेला, आणि रोज भेटणारी माणसेही गेली. मग "उद्या बसू" असे म्हणायला अडकाठी उरली नाही. यावरून दिसते की वेळ नसेल तर काम होत नाही हे खरे, पण नुसत्या वेळानेही ते होत नाही. वेळेला आकार लागतो आणि माणसाला सोबत लागते.

आता उत्साहाकडे वळू. संघटनेच्या कामात एक गोष्ट पक्की कळते. संपाच्या दिवसांत सभेला मैदान पुरत नाही. तेव्हा जो तो सभासद होतो आणि घोषणांनी घसा बसतो. संप मिटला की तीन महिन्यांनी त्याच संघटनेच्या बैठकीला सात माणसे येतात. नवा कार्यकर्ता हे पाहून खचतो. त्याला वाटते, लोक कृतघ्न आहेत किंवा आपणच नालायक आहोत. जुना कार्यकर्ता खचत नाही. कारण उत्साह हा पुरासारखा येतो आणि उतरतो, हे त्याला ठाऊक असते. तो पावतीपुस्तक खिशात घालतो आणि महिन्याच्या महिन्याला वर्गणी गोळा करीत हिंडतो. जी संघटना टिकते ती वर्गणीवर टिकते. रक्कम लहान असते, पण ती चुकत नाही. पुढच्या वेळी पूर येतो तेव्हा त्याला धरून ठेवणारा बांध या वर्गणीनेच घातलेला असतो.

आपल्या खाजगी कामाचेही तसेच आहे. उत्साह ओसरला म्हणजे आपली आवड खोटी होती, असा निष्कर्ष लोक काढतात आणि वही मिटतात. वस्तुतः उत्साह ओसरणे हा कामातला नेहमीचा टप्पा आहे. त्या टप्प्यावर विचारण्याचा प्रश्न "माझी उमेद कोठे गेली?" हा नसून "माझी वर्गणी किती आणि ती कोणत्या दिवशी भरायची?" हा आहे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. नामांकित वकील, टिळकांचे सहकारी, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष. अशा माणसाला उसंत ती किती असणार! तरी त्यांनी कित्येक दशके रोजनिशी लिहिली. तिच्यातल्या पुष्कळशा नोंदी अगदी साध्या आहेत : सकाळी केव्हा उठलो, कोण भेटले, काय वाचले. एकेक नोंद पाहिली तर तिचे मोल फार वाटणार नाही. पण थेंबाथेंबाने साठलेल्या या नोंदींच्या आधारे त्यांचे चिरंजीव बाळकृष्ण यांना १९६२ साली वडिलांचे चरित्र सिद्ध करता आले, आणि त्यांच्या शिरडीच्या मुक्कामाच्या नोंदी आजही वाचल्या जातात.

वर्गणी किती असावी? येथे कारखान्यातला एक जुना भेद उपयोगी पडतो. काम दोन रीतींनी दिले जाते : रोजंदारीने किंवा उक्ते. रोजंदारीत तास मोजतात, उक्त्यात नग मोजतात. स्वतःच्या कामाला यांतली कोणती रीत लावावी? माझे उत्तर असे की, आरंभी रोजंदारी लावावी, शेवटी उक्ते. नवे काम किती वेळ खाईल याचा अंदाज आरंभी कोणालाच नसतो. तेव्हा "रोज तीन पाने" असा नग ठरवला की चौथ्याच दिवशी माणूस दिवाळखोर होतो. त्याऐवजी "रोज सकाळी पाऊण तास त्या जागी बसेन, मग एक ओळ होवो की एक पान" असे ठरवावे. तास भरला की मजुरी पदरात पडली असे समजावे. काम अर्ध्यावर आले, हात बसला, म्हणजे मग नगाची रीत धरावी : या महिन्यात हे प्रकरण, पुढच्या महिन्यात ते.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप हा टपालखात्यात नोकरी करी. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचे, घड्याळ पुढे ठेवायचे, दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचे आणि न्याहारीच्या वेळेला उठायचे, असा त्याचा नेम होता. पहाटे कॉफी आणून उठवण्यासाठी त्याने आपल्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा ठरवले होते, आणि आपल्या यशाचे श्रेय तो त्या माणसालाही देतो. या रीतीने त्याच्या सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. १८८३ साली, त्याच्या मरणानंतर, आत्मचरित्रातून हा हिशेब बाहेर आला तेव्हा पुष्कळ रसिकांनी नाके मुरडली. प्रतिभा अशी घड्याळावर चालते काय, असे त्यांना वाटले. चांभार जोडा शिवायला बसताना प्रेरणेची वाट पाहत नाही, तसे लेखकानेही करावे, अशी ट्रोलपची धारणा होती. कष्टकरी माणसाला हे लगेच पटते. मात्र ट्रोलपला उठवायला पगारी नोकर होता; आपल्याला गजराच्या घड्याळावर भागवावे लागते, एवढा फरक ध्यानात असू द्यावा.

कामाची लहान लहान वाटणी करण्याचे महत्त्व यातच आले. यावलीला जन्मलेले आणि मोझरीला गुरुकुंज उभारणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांची ग्रामगीता एकेचाळीस अध्यायांची आहे आणि तिच्यात चार हजार सहाशे पंचाहत्तर ओव्या आहेत. एवढा ग्रंथ डोळ्यांपुढे आणला तर छाती दडपते. पण रचणाऱ्याच्या हाती एका वेळी एकच ओवी असते. ज्याचे काम अडले आहे त्याने आपल्या कामाची ओवी कोणती, ते आधी शोधावे. इतिहास लिहिणाऱ्याची ओवी म्हणजे एक मुलाखत. म्हणी गोळा करणाऱ्याची ओवी म्हणजे एक म्हण, तिचा अर्थ आणि ती कोणाकडून ऐकली ते गाव.

आता अडण्याचे एक मोठे कारण पाहू. माणूस चार पाने लिहितो, वाचून पाहतो, त्याला ती टाकाऊ वाटतात आणि तो थांबतो. अशा वेळी वऱ्हाडच्या माणसाने जिनाकडे पाहावे. शेतातून एक क्विंटल कापूस येतो. त्यातून रुई निघते साधारण एक तृतीयांश, उरलेली बहुतेक सरकी. म्हणून कोणी शेतकरी कापूस वेचायचे सोडीत नाही. आधी वेचणी, मग रेचा, मग रुईची गाठ, असा क्रम आहे. वेचणीही एकदा करून भागत नाही. बोंडे फुटतील तशी दुसरी, तिसरी वेचणी करावी लागते. पहिला खर्डा हा सरकीसकट कापूस आहे. तो लिहीत असतानाच सरकी काढायला बसले की ना वेचणी होते ना रेचा चालतो. ही दोन कामे वेगळ्या दिवशी करावीत. आणि सरकी फुकट जात नाही, तिचे तेल निघते, ढेप होऊन गुरांच्या तोंडी जाते. खोडलेली पाने तशीच बाजूला ठेवावीत. पुढच्या कामात त्यांचा उपयोग निघतो.

सोबतीचा मुद्दा मी मघाशी काढला होता. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. घरी एकट्याने शंभर दंड काढणारा विरळा. तोच मुलगा आखाड्यात गेला की दीडशे काढतो. त्याचे बळ तेवढेच असते, पण शेजारचा काढीत असतो आणि उद्या आला नाहीस तर कोणी तरी विचारणार असते. आपल्या कामालाही असा विचारणारा एक माणूस हवा. तो टीकाकार असण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा "काय झाले, दाखवा" एवढे म्हणणारा पुरे. संघटनेत आम्ही याला अहवाल म्हणतो. ज्या शाखेला अहवाल द्यावा लागतो ती शाखा चालते, असा अनुभव आहे.

शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात काम करता करता त्या ओव्या रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त यांनी त्यांतल्या काही उतरवून घेतल्या, म्हणून बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली त्यांचे पुस्तक निघू शकले. जे उतरवले गेले नाही ते हवेत विरले. ज्यांना स्वतःला काही रचता येत नाही, त्यांनी आपल्या घरातल्या अशा माणसाशेजारी वही घेऊन बसावे. हेही निर्मितीचेच काम आहे.

सोबत दूरची असली तरी चालते. अमरावतीचे सुरेश भट यांनी गझलेचे नियम समजावणारी 'गझलेची बाराखडी' ही लहानशी पुस्तिका नव्या कवींना टपालाने पाठवली आणि पत्रांतून शिकवले. त्यातून मराठी गझल लिहिणारी एक पिढीच तयार झाली. शिकवणाऱ्याचेही काम अशाने जिवंत राहते. कारण दुसऱ्याला समजावून सांगताना आपली ओल टिकते.

येथे एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. आयुष्यभर मी मुकादमाशी आणि त्याच्या घड्याळाशी भांडत आलो. मग आता घड्याळाची तरफदारी का करतो, असे कोणी विचारील. तो प्रश्न रास्त आहे. उत्पादन वाढवा, उत्पादन वाढवा, हा घोष कामगाराने पुष्कळ ऐकला आहे, आणि वाढलेल्या उत्पादनाचा वाटा त्याला किती मिळाला हेही पाहिले आहे. आपल्या आवडीच्या कामातही जर आपण स्वतःचेच मुकादम झालो, चुकलेल्या दिवसाचा दंड कापू लागलो, शेजाऱ्याच्या पानांशी आपली पाने मोजू लागलो, तर मर्जीचे आठ तासही गिरणीतच गेले म्हणायचे. घड्याळ कोणाच्या हातात आहे यावर सारे अवलंबून आहे. बसण्याची वेळ आपण ठरवावी आणि उठण्याचीही. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार येथेही लागू करावा. आठवड्यातला एक दिवस वहीला हात लावू नये. रान पडीक ठेवले म्हणजे त्याचा कस वाढतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

उशिराचीही भीती बाळगू नये. मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ चा. त्यांचा पहिला संग्रह 'शीळ' १९५४ साली आला, म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी. दुसरा, 'अभिसार', १९६३ साली. पुढे १९८६ साली 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. सुरेश भटांचा 'रूपगंधा' १९६१ चा, 'रंग माझा वेगळा' १९७४ चा आणि 'एल्गार' १९८३ चा. मधल्या तेरा वर्षांना कोणी आळस म्हणत नाही. गिरणी, हॉटेल, शाळेतली शिपाईगिरी असे सारे करून आलेले नारायण सुर्वे यांचा पहिला संग्रह १९६२ साली निघाला तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठली होती. उद्धव शेळके यांच्या १९६० च्या 'धग' कादंबरीने वऱ्हाडी बोली आणि वऱ्हाडातल्या गरिबाचे घर मराठी वाचकापुढे ठेवले; आपल्या घरची भाषा साहित्यात चालेल की नाही म्हणून जो थांबला आहे, त्याच्यासाठी वाट मोकळी झालेली आहे.

शेवटचा मुद्दा काम संपवण्याचा. पुष्कळांचे काम उमेद संपल्याने थांबत नाही. ते संपले केव्हा म्हणायचे हे ठरवलेले नसते, म्हणून ते लांबत जाते आणि एके दिवशी हातातून सुटते. बैठकीत ठराव करतात, तसा आरंभीच एक ठराव करावा : किती झाले म्हणजे पुरे, आणि झाल्यावर ते कोणापुढे ठेवायचे. म्हणी असतील तर तीनशे झाल्या की वाचनालयाला एक प्रत द्यायची. चाली असतील तर गणपतीत मंडळापुढे म्हणायच्या. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय काय किंवा आपल्या मोहल्ल्यातला लहानसा वाचनकट्टा काय, ऐकणारी दहा माणसे मिळाली तरी काम पोचले. छापून येण्याची वाट पाहत बसू नये.

आणि कोणी ऐकणारे नसले तर? फ्रान्समध्ये फर्डिनांड शेवाल नावाचा एक खेड्यातला टपालवाला होता. रोजच्या फेरीत दिसलेले दगड तो वेचून आणी आणि रात्री कंदिलाच्या उजेडात रची. १८७९ पासून १९१२ पर्यंत, तेहतीस वर्षे, त्याने एकट्याने एक अद्भुत वाडा उभा केला. गाव त्याला वेडा म्हणे. १९६९ साली सरकारने तो वाडा राष्ट्रीय स्मारक ठरवला. आपल्याकडे चंडीगडला नेकचंद नावाच्या रस्ते-निरीक्षकाने १९५७ च्या सुमारास फुटक्या कपबश्या, तुटलेल्या बांगड्या आणि दगड यांतून गुपचूप एक बाग रचायला घेतली. १९७५ साली ती अधिकाऱ्यांना सापडली आणि १९७६ साली लोकांसाठी खुली झाली. या दोघांनी नोकरी सोडली नाही. वाटेत जे सापडले तेच त्यांनी साहित्य म्हणून घेतले. घरी परतताना रोज एक दगड, एवढीच त्यांची वर्गणी होती.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाची वही फळीवर असेल, त्याने तिच्यावर अपराधाचा भार घालू नये. ती खाली घ्यावी, शेवटचे पान वाचावे, पुढची एक ओळ कोणती ते पेन्सिलीने लिहून ठेवावे, आणि उद्या कोणत्या वेळी बसायचे ते घरातल्या एका माणसाला सांगावे. त्या घरात आणखी कोणाची तरी वही फळीवर असेल. तिची वेळही त्याच बैठकीत ठरवावी.